फलंदाजाचें पुढचें पाऊल

क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याची नजर चेंडूबरोबर धांवत असते. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटला, टप्पा घेऊन उसळला, बॅटवर आदळला आणि सीमेकडे निघाला. एवढा प्रवास डोळ्यांनीं केला म्हणजे प्रेक्षकाचें समाधान होतें. परंतु त्या प्रवासाच्या ऐन मध्यावर फलंदाजाच्या एका पायानें एक लहानशी हालचाल केलेली असते, आणि पुढें जें घडतें त्याचा बराचसा निकाल त्या हालचालींतच लागून गेलेला असतो. हा पाय म्हणजे गोलंदाजाच्या बाजूचा, पुढचा पाय. तो केव्हां उचलावा, किती लांब टाकावा आणि कोणत्या दिशेला टाकावा, या प्रश्नावर दोनशें वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे. त्या वादांतील कांहीं प्रकरणें महाराष्ट्राच्या मातींत घडलेलीं आहेत.

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत मंचरच्या जवळ अवसरी बुद्रुक हें गांव आहे. तेथें किंवा त्याच्या आसपासच्या कोणत्याहि गांवीं, पीक निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या रानांत टेनिसच्या चेंडूनें खेळणाऱ्या मुलांकडे घटकाभर पाहावें. शिकविणारा कोणी नसतो. चेंडू येतांच मुलाचा पुढचा पाय चेंडूकडे न जातां डाव्या अंगाला, चेंडूपासून दूर सरकतो, छाती गोलंदाजाकडे उघडते आणि बॅट दांडपट्ट्यासारखी आडवी फिरते. चेंडू हलका, भुई कठीण आणि उसळी कमरेइतकी, त्यामुळें ही रीत तेथें फळतेहि. जुन्या विटीदांडूचाच हा वारसा म्हणावा लागेल. वकट-लेंडच्या मोजणींत विटी पावलावरून, मुठीवरून, डोळ्यावरून उडवून टोलवितात. पण ती केव्हां उडवायची हें खेळणाऱ्याच्याच हातीं असल्यामुळें पाय आधींच घट्ट रोवतां येतो. क्रिकेटमध्यें वेळ दुसऱ्याच्या हातीं असते, आणि सारी अडचण तेथूनच सुरू होते.

अडचण किती बिकट आहे हें आंकड्यांनीं कळेल. ताशीं १४० किलोमीटर वेगानें सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोंचण्यास सुमारें अर्धा सेकंद लागतो. त्यांतला पांचवा भाग सेकंद तर डोळ्यानें पाहण्यांत आणि मेंदूनें हुकूम देण्यांतच जातो. उरलेल्या वेळांत पाऊल टाकायचें, बॅट खालीं आणायची आणि तीहि ठरलेल्या रेषेंत. या घाईंत पुढचा पाय दोन कामें करतो. प्रथम तो शरीराचा भार आणि डोकें चेंडूच्या जवळ नेतो. मग जमिनीवर टेकून खांबासारखा स्थिर होतो, आणि त्या खांबाभोंवतीं कंबर, खांदे व हात क्रमानें फिरतात. पाऊल टेकण्यापूर्वींच हात निघाले, तर फटक्यांत जोर उरत नाहीं आणि चेंडू हवेंत जातो. पाऊल फार आडवें पडलें, तर बॅटला स्वतःच्याच पायाला वळसा घालून यावें लागतें, आणि पंचाचें बोट वर होतें.

अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत हीच क्रिया निराळ्या रूपांत दिसते. तेथें चेंडू टप्पा घेत नाहीं, हवेंतूनच येतो, आणि फेकणाऱ्याचें अंतर १८९३ पासून साठ फूट सहा इंच असें ठरून गेलें आहे. त्यामुळें बेसबॉलपटूचें पाऊल चेंडूचा शोध घेत फिरत नाहीं. तें प्रत्येक वेळीं जवळ जवळ तेवढेंच, फेकणाऱ्याच्या दिशेनें पडतें. त्याचें काम वेळ साधणें आणि भार अडविणें एवढेंच. जपानचा सादाहारू ओ हा या विद्येंतला विलक्षण पुरुष. त्याचा फटका नेहमीं उशिरां निघे. १९६२ मध्यें हिरोशी आराकावा या गुरूनें त्याला पुढचा पाय आधींच गुडघ्यांत दुमडून वर उचलावयास लाविलें, आणि चेंडू येईपर्यंत एका पायावर बगळ्यासारखें उभें राहण्याचा अभ्यास करविला. छताला टांगलेली कागदाची पट्टी तरवारीनें कापण्याचा सरावहि त्यांत होता. निवृत्त होईपर्यंत ओच्या नांवावर ८६८ होमरन जमा झाल्या होत्या. एका पायाच्या वेळापत्रकांत केलेला हा बदल होता.

क्रिकेटमध्यें अशी एकच ठराविक चाल पुरी पडत नाहीं, कारण मध्यें टप्पा आहे. पायांचा प्रश्न या टप्प्याबरोबरच जन्मास आला. इंग्लंडांत आरंभीं चेंडू जमिनीवरून सरपटत टाकीत आणि बॅटहि हॉकीच्या काठीप्रमाणें टोकाला वाकडी असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोलंदाज चेंडू उचलून टाकूं लागले, तेव्हां बॅट सरळ झाली. तरीहि रेषा सोडून पुढें जाणें हें जुन्या खेळाडूंना पाखंड वाटे. हॅम्बल्डन क्लबचा यष्टिरक्षक टॉम स्यूटर, धंद्यानें सुतार, यानें हें पाखंड प्रथम आचरिलें, असें जॉन नायरेन यानें १८३३ मधील आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. पुढें केंटकडून खेळणारा उंच फुलर पिल्च डावा पाय लांबवर टाकून टप्प्यावरच चेंडू दाबून टाकूं लागला. १८६४ मध्यें हात खांद्यावरून फिरवून चेंडू टाकण्यास मुभा मिळाली, उसळी वाढली, आणि केवळ पुढें जाण्यानें भागेना. पुढचा व मागचा दोन्ही पाय सारख्याच अधिकारानें वापरावयाचे, ही शिस्त डब्ल्यू. जी. ग्रेस यानें घालून दिली.

याच शिस्तीला राजकोटच्या राजकुमार कॉलेजांतून केंब्रिजला गेलेल्या रणजितसिंहजींनीं एक चमत्कारिक फांटा फोडला. वेगवान चेंडूपासून उजवा पाय मागें घेण्याची संवय मोडावी म्हणून शिक्षकानें तो पाय जमिनीला खिळवून ठेविला, अशी हकीकत सांगतात. उजवा पाय अडकल्यावर हालण्यास उरला तो डावा. रणजींनीं तो यष्टींच्या पुढून आडवा टाकला, मनगट वळविलें, आणि अंगावर येणारा चेंडू पाठीमागें लेगच्या बाजूला घसरूं लागला. पुढचा पाय केवळ चेंडूकडे जाण्यासाठीं नसून त्याला वाट करून देण्यासाठींहि असतो, हें जगानें या खेळींतून पाहिलें. शिक्षा म्हणून जो बंध घातला, त्यांतून नवा फटका निघाला. दैवाचा खेळ म्हणतात तो असा.

आतां पुण्याकडे वळावें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत युरोपियनांच्या क्लबाच्या मैदानावर बाळू पालवणकर नांवाचा एक तरुण दरमहा चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टी लाटणें, जाळी लावणें, टेनिसच्या रेषा आंखणें हीं त्याचीं कामें. फांवल्या वेळीं तो साहेबांना चेंडू टाकी. डाव्या हातानें, मंद गतीनें, हवेंत उंची देऊन. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नामांकित युरोपियन फलंदाज. त्याच्या जॉन ग्लेनी या नांवाचा अपभ्रंश होऊन लोक त्याला जंगली म्हणत. हा ग्रेग रोज इतरांच्या आधीं मैदानावर येई आणि बाळूला चेंडू टाकावयास सांगे. बाद केल्यास दर वेळीं आठ आणे, असा ठराव होता असें सांगतात.

मंद गोलंदाजाचा सारा डाव प्रतिपक्षाच्या पुढच्या पायावर असतो, ही गोष्ट येथें लक्षांत घेतली पाहिजे. वेगवान गोलंदाज पायाला मागें रेटतो. मंद गोलंदाज त्याला पुढें बोलावतो. चेंडू हवेंत जरा अधिक रेंगाळला, कीं फलंदाजाला वाटतें, टप्पा हाताशीं पडणार. पाऊल निघतें. चेंडू वींतभर आखूड पडतो, वळतो, आणि पाऊल टाकणारा मध्येंच अडकतो. मागें यष्टिरक्षक टपलेला असतोच. ग्रेगनें दिवसामागून दिवस बाळूच्या चेंडूवर आपले पाय घडविले, आणि बाळूनें ग्रेगच्या पायांवर आपली गोलंदाजी घडविली. मात्र त्या मैदानावर बाळूच्या हातीं बॅट कधीं दिली गेली नाहीं. चेंडू टाकणें, आणून देणें हें चाकराचें काम. पाय रोवून उभें राहणें आणि टोलविणें हा साहेबाचा अधिकार. खेळांतील श्रमविभागणी इतकी उघड फार थोड्या ठिकाणीं दिसते.

ही विभागणी एकट्या साहेबानेंच पाळली असें मात्र नव्हे. बाळू चर्मकार समाजांतला. पुण्याच्या हिंदूंनीं युरोपियनांना हरवायचें म्हणून त्याला संघांत घेतलें. मैदानांत त्याच्या हातचा चेंडू सर्वांनीं घेतला, आणि चहाच्या वेळीं त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळाला. या लज्जास्पद गोष्टीला दिलगिरीचें पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. पुढें १९०६ मध्यें मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांचा पराभव केला, त्यांत बाळूचा हात मोठा होता. १९११ मध्यें पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं इंग्लंडला गेलेल्या संघांतून त्यानें सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी मिळविले. हिंदु संघाचें नेतृत्व मात्र त्याला मिळालें नाहीं. तें मिळालें त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ सालीं. आणि विठ्ठल होता फलंदाज. ज्या घरांतील थोरल्याला बॅटला हात लावूं दिला नव्हता, त्याच घरांतील धाकट्यानें चौरंगी सामन्यांत हिंदूंचा कर्णधार म्हणून रेषेवर पाऊल ठेवलें आणि सामने जिंकून दिले. विठ्ठलनें पुढें ‘माझें क्रीडा-जीवन’ या नांवानें मराठींत आत्मवृत्त लिहिलें.

त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९२६ च्या हिंवाळ्यांत, आर्थर गिलिगन याचा एम. सी. सी. संघ हिंदुस्थानांत आला. १ डिसेंबरला मुंबई जिमखान्यावर हिंदूंकडून नागपूरचे सी. के. नायडू खेळावयास आले. नायडूंची उंची सहा फुटांवर, हात लांब आणि चाल डौलाची. ते रेषेवर थांबतच ना. चेंडू हातून सुटतांच दोन पावलें पुढें येऊन ते टप्पा गांठीत आणि सरळ गोलंदाजाच्या डोक्यावरून फेंकून देत. दोन तास भरण्याच्या आंत १५३ धांवा झाल्या. त्यांत ११ षट्कार होते. युरोपियन गोलंदाजीपुढें नम्रपणें मागें सरावयाचें, ही आजवरची रीत त्या दुपारीं मुंबईच्या हजारों लोकांनीं मोडलेली पाहिली. त्याच महिन्यांत याच संघाविरुद्ध अखिल हिंदुस्थानकडून पुण्याच्या दिनकर बळवंत देवधरांनीं १४८ धांवा काढल्या. परक्या संघाच्या तोडीस तोड खेळूं शकतों, असा आत्मविश्वास या दोन डावांनीं दिला, आणि १९२८ मध्यें क्रिकेट नियामक मंडळ स्थापन होण्यास गिलिगनचें अनुकूल मत उपयोगीं पडलें.

देवधर सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. १९४०-४१ च्या हंगामांत पुण्यांत महाराष्ट्र व मुंबई यांच्यांत जो रणजी सामना झाला, त्यांत महाराष्ट्राच्या ६७५ धांवा झाल्या आणि मुंबईच्या ६५०. या पंचवीस धांवांच्या फरकावर महाराष्ट्र पुढें गेला व सलग दुसऱ्यांदा विजेता ठरला. देवधरांच्या त्यांत २४६ धांवा होत्या, आणि त्यांचें वय होतें अठ्ठेचाळीस. या वयांत डोळा मंदावतो; त्याची भरपाई पायांनीं करावी लागते, म्हणजे पाऊल योग्य जागीं आणि योग्य वेळीं टाकून चेंडूला अंदाज चुकविण्यास जागाच ठेवावयाची नाहीं. त्या काळीं देशांत पुष्कळ ठिकाणीं काथ्याच्या किंवा तागाच्या चटईवर सामने होत. चटईवर चेंडू उंच उसळतो आणि जोरानें वळतो. तेथें लांब पाऊल टाकणारा फसतो, म्हणून फलंदाज मागच्या पायावर खेळण्यास शिकत. मुंबईच्या विजय मर्चंटांचा नाजूक लेट कट याच मागच्या पायाच्या विद्येंतला. इंग्लंडच्या मऊ हिरवळीवर जातांच मात्र पुढच्या पायाची उणीव भासे.

सांगलीचे विजय हजारे हे दोन्ही पाय जाणणारे. त्यांची उभें राहण्याची ढब पाहून नवख्याला हंसूं येई. बॅट दोन पॅडांच्या मध्यें धरलेली आणि अंग ताठ. पण चेंडू सुटला कीं डावें पाऊल शांतपणें, कोठेंहि घाई न करतां, बरोबर त्याच्या रेषेवर जाई. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांत त्यांनीं ‘इतर’ संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्यानें काढल्या. त्यांतील ३०० धांवांच्या एका भागीदारींत त्यांचे बंधु विवेक यांचा वाटा अवघ्या २१ धांवांचा होता. बाकीचा वेळ विवेकनीं चेंडू अडविण्यांत घालविला.

या हजाऱ्यांच्या नेतृत्वाखालीं १९५२ मध्यें लीड्सला जें घडलें, तें भारतीय क्रिकेट विसरलें नाहीं. पहिल्या डावांत स्वतः हजारे ८९ आणि वीस वर्षांचा विजय मांजरेकर १३३, अशी २२२ धांवांची भागीदारी झाली होती. दुसऱ्या डावांत फ्रेडी ट्रूमन हा एकवीस वर्षांचा तरुण अंगावर येऊं लागला आणि फलकावर शून्य धांवा, चार बाद असे आंकडे लागले. तीन बळी ट्रूमनचे. अशा वेळीं मैदानांत उतरून हजाऱ्यांनीं ५६ आणि कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनीं ६४ धांवा केल्या. त्याच मालिकेंत सोलापुरांत जन्मलेले पॉली उमरीगर ट्रूमनच्या माऱ्यापुढें लेगच्या बाजूला सरकतांना सर्वांनीं पाहिले; सात डावांत त्यांच्या ४३ धांवा झाल्या, आणि वृत्तपत्रांनीं त्यांच्या पायांची यथेच्छ थट्टा केली. पुढचा पाय चेंडूपासून दूर जातो तो बहुधा अज्ञानानें. पण कधीं भीतीनेंहि जातो, आणि प्रेक्षकाला दोहोंतला फरक दुरून कळतोच असें नाहीं. अवसरीच्या रानांतील मुलाचा पायहि त्याच दिशेनें सरकतो, पण त्याच्या चेंडूनें बरगडी मोडत नाहीं. उमरीगरांनीं आपला पाय जागीं आणण्यास दहा वर्षें घेतलीं. १९६२ मध्यें पोर्ट ऑफ स्पेन येथें वेस्ली हॉलसारख्या भयंकर गोलंदाजापुढें त्यांनीं नाबाद १७२ धांवा केल्या. थट्टा लोकांच्या लक्षांत राहिली, या १७२ धांवा कमी राहिल्या, हा अन्याय आहे. संदीप पाटलांची हकीकतहि याच जातीची: जानेवारी १९८१ मध्यें सिडनीस पास्कोचा चेंडू कानावर बसून ते कोसळले आणि पुढच्याच सामन्यांत ॲडलेडला त्यांनीं १७४ धांवा केल्या.

पुढच्या पायाला जें ढालीचें रूप आलें तें कायद्यामुळें. १९३५ पर्यंत ऑफच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देतां येत नसे. त्या वर्षीं प्रयोग म्हणून तो नियम बदलला आणि १९३७ मध्यें कायम झाला. तरी पाय रेषेबाहेर असला तर फलंदाज सुटे. १९५७ मध्यें बर्मिंगहॅमला मे आणि काउड्री यांनीं याचाच फायदा घेऊन रामाधीनचे चेंडू तासन्तास पुढच्या पॅडावर घेतले व ४११ धांवांची भागीदारी केली. रामाधीन बिचारा त्या डावांत ९८ षट्कें टाकून थकला. अखेर १९७० च्या सुमारास फटका मारण्याचा प्रयत्न न करणाऱ्याला रेषेबाहेरहि पायचीत धरण्याचा नियम आला. २००८ पासून यंत्राच्या साहाय्यानें पंचाचा निर्णय तपासण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हां लांब टाकलेला पुढचा पाय आतां सुरक्षित आहे ही समजूतहि गेली. पूर्वी पंच ‘पाऊल फार पुढें आहे’ म्हणून शंकेचा फायदा देत. यंत्राला अशी दया येत नाहीं.

मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखालीं शिकलेल्या सचिन तेंडुलकरचीं दोन उदाहरणें या इतिहासांत एकमेकांशेजारीं ठेवण्यासारखीं आहेत. १९९८ च्या मार्चमध्यें चेन्नईला शेन वॉर्न येणार म्हणून त्यानें लक्ष्मण शिवरामकृष्णनकडून लेगच्या बाहेर उकरलेल्या जागीं मुद्दाम चेंडू टाकून घेतले. पहिल्या डावांत पुढें येऊन मारतांना तो चार धांवांवर बाद झाला. दुसऱ्या डावांत त्याच वॉर्ननें तोच मारा केला; तेंडुलकरचें पाऊल या वेळीं टप्प्याशीं पोंचलें, आणि चेंडू मिडविकेटवरून सीमेपार जाऊं लागले. नाबाद १५५.

दुसरें उदाहरण याच्या उलट. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत पहिल्या तीन कसोट्यांत त्याच्या धांवा झाल्या ०, १, ३७, ० आणि ४४. ऑफच्या बाहेरचा चेंडू दिसला कीं पुढचा पाय आपोआप निघे आणि कव्हरमधून फटका मारण्याचा मोह होई. जानेवारी २००४ मध्यें सिडनीच्या चौथ्या कसोटींत त्यानें तो फटका बंद केला. बाहेरचा चेंडू आला कीं तो सोडून देई किंवा नुसता अडवी. गोलंदाज कंटाळून यष्टींकडे वळले, म्हणजे पायांवरून लेगकडे धांवा काढी. ब्रेट ली आणि गिलेस्पी सारा दिवस तें एक पाऊल निघण्याची वाट पाहत राहिले. तेंडुलकर दहा तासांहून अधिक वेळ उभा होता. ४३६ चेंडू, ३३ चौकार, नाबाद २४१. त्यांतले बहुतेक चौकार लेगच्या बाजूला गेले. भारताचा डाव ७ बाद ७०५ वर घोषित झाला. दुसऱ्या डावांत त्यानें आणखी नाबाद ६० धांवा केल्या, आणि सामना अनिर्णित राहिला.